महायुद्धांच्या काळात रेल्वेच्या कारखान्यांत तोफगोळे घडवणारे कोकणी कामगार

खाडीकाठ (मूळ लेखन)

राजापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत ‘लढाईच्या वेळी आजोबा परळला रेल्वेत बॉम्ब बनवीत असत’ एवढे एक वाक्य जपलेले असते. त्यापुढे कोणी विचारत नाही आणि सांगणाराही सांगत नाही. पलटणीत गेलेल्या माणसांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती परत आली नाहीत, हे कोरलेल्या पाट्या कोकणातल्या काही गावांत आजही दिसतात. सैनिकांची पदके, पेन्शनचे कागद, पलटणीचे नाव घरात सांभाळून ठेवलेले असते. त्याच युद्धासाठी रेल्वेच्या कारखान्यात दिवसरात्र पोलाद कातणाऱ्या माणसाच्या नावाने मात्र कुठे पाटी लागली नाही. ते काम नेमके काय होते, ते रेल्वेकडेच का आले आणि ते करणाऱ्या आपल्या माणसांचे त्यात काय झाले, याची नीट मांडणी एका ठिकाणी व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानात शस्त्रनिर्मितीचे सरकारी कारखाने मोजकेच होते. काशीपूरला तोफा व गोळे, ईशापूरला रायफली, डमडम आणि खडकी येथे काडतुसे व दारूगोळा, जबलपूरला तोफांचे गाडे, निलगिरीतल्या अरुवनकाडूला कॉर्डाइट (बिनधुराची दारू), अशी ती विभागणी होती, आणि सरहद्दीवरच्या चकमकी भागतील इतकाच त्यांचा आवाका होता. युरोपातली लढाई खंदकांत अडकली आणि तोफांची भूक कोणाच्याही हिशेबाबाहेर गेली. मे १९१५ मध्ये गोळ्यांच्या तुटवड्यावरून ब्रिटनमधले सरकार हादरले, लॉइड जॉर्ज यांच्याकडे दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते आले, आणि साम्राज्यात जिथे जिथे लेथ (कातकामाची यंत्रे) असतील तिथे तिथे गोळे करून घेता येतील का, याचा शोध सुरू झाला. हिंदुस्थानात या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. ओतशाळा, वाफेवर चालणारे घण, आसांवर चाके चढवणारे पाण्याच्या दाबाचे प्रेस, रांगेने मांडलेले लेथ आणि ते चालवणारे तयार हात, हे सगळे एका आवारात रेल्वेच्या मोठ्या कारखान्यांतच मिळत होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा परळचा कारखाना १८७९ पासून चालू होता, बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचा लोअर परळला होता, आणि माटुंग्याचा डब्यांचा कारखाना तर ऐन युद्धात, १९१५ मध्ये उभा राहिला. बिहारमधल्या जमालपूरपासून मुंबईपर्यंतच्या रेल्वे कारखान्यांत इंजिनांच्या दुरुस्तीशेजारीच गोळ्यांची पोलादी कवचे कातली जाऊ लागली. पुढे १९१७ मध्ये सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली म्युनिशन्स बोर्ड स्थापन झाले आणि युद्धसाहित्याचा सगळा कारभार एका हाताखाली आला.

या कारखान्यांत कोकणातला माणूस पोचला, याचे मला फार अप्रूप वाटते. रत्नागिरी जिल्ह्यात त्या काळी रेल्वेचा एक रूळ नव्हता. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ मध्ये. म्हणजे ज्याने आगगाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही असा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पडावातून आगबोटीवर चढायचा, मुंबईच्या धक्क्यावर उतरायचा, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायचा, आणि ओळखीच्या मिस्त्रीच्या शब्दावर कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागायचा. रेल्वेची नोकरी गिरणीपेक्षा टिकाऊ समजली जाई. तिच्याबरोबर प्रवासाचा पासही मिळे, फक्त त्या पासावर गावाला जाता येत नसे, कारण गावाकडे जाणारी गाडीच नव्हती. कोळशाच्या टोपल्या उचलणे, मिस्त्रीला हत्यारे देणे, घण धरणे असे करत करत काहीजण फिटर झाले, काही टर्नर झाले, काही बॉयलरच्या कामात गेले. त्यांच्या हाती जेव्हा तोफगोळ्याचे काम आले, तेव्हा त्यांनी प्रत्यक्षात काय केले? ज्यांना यंत्रकामाची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त टर्नर

खाडीकाठ, विषय काढलात हे फार चांगले केलेत. मी यंत्रशाळेत नोकरी केलेली आहे, त्यामुळे कामाच्या बाजूने लिहितो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रेल्वेच्या कारखान्यात गोळ्याचे रिकामे कवच तयार होत असे. त्यात स्फोटक भरणे, फ्यूज (गोळा फोडणारी कळ) बसवणे ही कामे त्यासाठी बांधलेल्या वेगळ्या ठिकाणी होत, कारण जिथे भट्ट्या पेटलेल्या आहेत आणि घणाखाली ठिणग्या उडत आहेत तिथे कोणी दारू आणून ठेवणार नाही. तेव्हा आपल्या आजोबांनी हाताळले ते पोलाद आणि तांबे. यामुळे त्यांच्या कामाचे मोल कमी होते असे कृपया कोणी समजू नये, उलट गोळा नीट उडेल की तोफेतच फुटेल हे बव्हंशी या रिकाम्या कवचावर ठरते.

ब्रिटिश सैन्याच्या १८ पौंडी तोफेचे उदाहरण घेऊ. तिच्या नळीचा व्यास ३.३ इंच. या तोफेच्या स्फोटक गोळ्यासाठी लालबुंद तापवलेला पोलादाचा ठोकळा साच्यात ठेवून प्रेसच्या दट्ट्याने त्यात भोक पाडतात, म्हणजे एक बाजू बंद असलेला, जाड बुडाच्या पेल्यासारखा तुकडा मिळतो. तो लेथवर चढवून बाहेरून कातायचा, मग आतून बोअर करायचा. तोंडाकडचा भाग पुन्हा तापवून साच्यात दाबला की तो निमुळता होतो, आणि मग तोंडाला फ्यूजसाठी आटे पाडायचे. वाचताना हे सरळ वाटते. आतून बोअर करताना मात्र हत्यार लांब दांड्यावर असते, दांडा थरथरतो, आणि थरथरला की पृष्ठभागावर लाटा उठतात. गोळा तोफेतून सुटतो त्या क्षणी आतल्या स्फोटकाला जबर झटका बसतो. आतला पृष्ठभाग खरखरीत असेल तर स्फोटक त्यावर घासते, आणि गोळा नळीतच फुटला तर मरतात ते आपलेच तोफची. म्हणून आतली बाजू गुळगुळीत करून तिला वार्निश देत आणि ते भट्टीत वाळवत. ज्याने हे काम केले त्याला समोर शत्रू दिसत नव्हता, पण आपल्या हातून राहिलेल्या एका ओरखड्याने कोणाचे काय होऊ शकते हे त्याला पक्के ठाऊक असणार.

बुडाचीही अशीच कथा. पोलादाच्या लगडीत मध्यभागी कधी कधी बारीक पोकळी राहून जाते. तीच पोकळी गोळ्याच्या बुडात आली तर तोफेतला तापलेला वायू तिच्यातून आत शिरून स्फोटक पेटवू शकतो. तो धोका टाळण्यासाठी बुडाला वेगळी पोलादी चकती बसवावी लागे. कोणत्या ओतीचे पोलाद, कोणत्या कारखान्याचे काम, कोणत्या वर्षीचे, याचे शिक्के प्रत्येक कवचावर मारले जात, म्हणजे एक गोळा वाईट निघाला तर त्याची सगळी भावंडे शोधून बाजूला काढता येत.

आता तांब्याच्या कडीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते रेल्वेच्या माणसाचे खरे कसब इथे लागत होते. गोळ्याच्या बुडाजवळ एक खाच कातलेली असते. तिच्या कडा आतून किंचित कापलेल्या असतात आणि तळाशी नागमोडी उंचवटे ठेवलेले असतात. तांब्याची कडी त्या खाचेवर सरकवायची आणि मग चारी बाजूंनी एकाच वेळी दाबणाऱ्या पाण्याच्या प्रेसमध्ये धरायची. तांबे मऊ असते. ते दाबाखाली वाहते, खाचेच्या कडांखाली शिरते, उंचवट्यांच्या मधे बसते आणि पोलादाला असे धरते की गोळा फिरला तरी कडी जागेवर घसरत नाही. तोफेच्या नळीत पिळाचे चर असतात. ही कडी त्या चरांत रुतते, तिच्यामुळे गोळ्याला फिरकी मिळते आणि मागचा वायू पुढे निसटत नाही. दाब कमी पडला तर कडी ढिली राहते, गोळा भरकटतो. तांबे जास्त कातले गेले तरी तोच परिणाम. आसावर चाक चढवताना प्रेसचा दाब कसा वाढत जातो यावर नजर ठेवण्याची सवय ज्याला असे, त्याला हे काम शिकवायला वेळ लागत नसणार. पोलादाच्या घट्ट बसण्याची जाण त्याच्याकडे आधीच होती.

तरीही रेल्वेच्या फिटरला या कामात एक मोठा बदल स्वीकारावा लागला. दुरुस्तीच्या कामात प्रत्येक इंजिन निराळे असते. बुश (आसाभोवतीचे धातूचे कडे) झिजला असेल त्याप्रमाणे नवा बुश घासून, पुन्हा लावून पाहून, त्या एका इंजिनाला जुळवायचा. मिस्त्रीची कीर्ती या जुळवण्यावर असते. तोफगोळा कोणत्या तोफेत जाईल हे कारखान्याला माहीत नसते, फ्यूज हजारो मैलांवर दुसऱ्याच कारखान्यात बनलेला असतो, आणि तो पहिल्या प्रयत्नात बसलाच पाहिजे. इथे जुळवून घेणे चालत नाही. गेज, म्हणजे माप तपासण्याचे ठरावीक मापाचे साधन, सांगेल तेच खरे. शिवाय एकच माणूस दिवसभर एकच क्रिया करतो, कोणी फक्त बाहेरून काततो, कोणी फक्त आटे पाडतो. जाणत्या मिस्त्रीला हे काम रुक्ष वाटले असेल, पण कालपर्यंत टोपल्या उचलणाऱ्या खलाशाला यंत्रावर उभे राहण्याची संधी मिळाली ती अशाच कामामुळे. कोकणातून नव्याने आलेल्या पोरांसाठी ही गोष्ट लहान नव्हती.

माजघर

लेखन आणि प्रतिसाद दोन्ही मनापासून वाचले. आमच्या सावंतवाडीजवळच्या घरी आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत एक पोलादी वस्तू आहे. तळहाताएवढी, जाड, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची, दोन टोकांच्या मधे एकापुढे एक अशा दोन खाचा आणि त्यांच्या बाजूला इंचांतले आकडे कोरलेले. त्यांनी रेल्वेत नोकरी केली होती एवढेच आम्हांला ठाऊक आहे. घरात आजवर सगळे ती वस्तू नटबोल्ट खोलण्याचा पाना समजत आले. निवृत्त टर्नर यांनी गेजचा उल्लेख केल्यावर शंका आली. ही वस्तू गेज असू शकेल काय?

निवृत्त टर्नर

माजघर ताई, तुमच्या वर्णनावरून तो गेजच वाटतो. त्याला स्नॅप गेज म्हणतात. पुढची खाच किंचित मोठी आणि मागची किंचित लहान असते. कातलेला जॉब पुढच्या खाचेतून अलगद गेला पाहिजे आणि मागच्या खाचेला अडला पाहिजे. दोन्हींतून गेला तर माप कमी झाले, जॉब भंगारात. पहिल्याच खाचेत अडला तर अजून कातायला वाव आहे. मोजपट्टी वाचता न येणारा माणूसही याने इंचाच्या हजारातल्या काही भागांपर्यंतचे माप तपासू शकतो, आणि म्हणूनच युद्धकाळात नव्या कामगारांच्या हाती मायक्रोमीटरऐवजी हेच साधन दिले जाई.

कोरलेले आकडे काळजीपूर्वक वाचा. इंजिनाच्या दुरुस्तीतही असे गेज वापरतात, त्यामुळे नुसत्या आकारावरून निष्कर्ष काढू नका. आकडा ३.२ ते ३.४ इंचांच्या आसपास असेल तर १८ पौंडी गोळ्याचा विचार करता येईल. दुसऱ्या महायुद्धातल्या २५ पौंडी तोफेची नळी ३.४५ इंचांची होती, त्यामुळे आकडा त्याच्या जवळ असेल तर काळ निराळा ठरेल. तेल लावून ठेवा. घासून चकचकीत करू नका, शिक्के पुसले जातील.

दर्यावर्दी

किनाऱ्याच्या बाजूने एक भर घालतो. युद्ध परळच्या कारखान्यात होते तसे ते आपल्या समुद्रातही होते. १९१७ च्या सुरुवातीला ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने मुंबईबाहेरच्या समुद्रात सुरुंग पेरले, आणि त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘मंगोलिया’ हे पी अँड ओ कंपनीचे मोठे प्रवासी जहाज मुंबईच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यात, सुरुंगावर आपटून बुडाले. कारखान्यातून सुटी काढून घरी येणारा माणूस याच पाण्यातून आगबोटीने येत असे. त्याची वाट पाहणाऱ्या घरांनी तो काळ कसा काढला असेल, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या महायुद्धात तर दारूगोळा शहराच्या पोटात येऊन फुटला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि जोडीला कापसाच्या गासड्या होत्या. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. गोदीत काम करणाऱ्यांत, आगीशी लढणाऱ्यांत आणि जवळच्या चाळींत राहणाऱ्यांत कोकणातली माणसे होती. एक भाऊ गोदीत आणि दुसरा रेल्वेच्या कारखान्यात, अशी घरे आपल्याकडे कमी नव्हती.

सडा

या धाग्यात आतापर्यंत कसबाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु हे काम कोणत्या अटींवर करून घेतले गेले, हे मांडल्याशिवाय चित्र पुरे होणार नाही, म्हणून मी दुसऱ्या महायुद्धाविषयी लिहितो.

१९४० मध्ये सरकारने तांत्रिक कामगारांसाठी राष्ट्रीय सेवेचा वटहुकूम काढला. त्यानुसार कुशल कामगाराला युद्धोपयोगी कारखान्यात कामावर पाठवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि अशा कामावर असलेल्या माणसाला परवानगीशिवाय नोकरी सोडता येईनाशी झाली. डिसेंबर १९४१ मध्ये अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम आला, आणि लगोलग १९४२ च्या आरंभी भारत संरक्षण नियमांत ८१-अ हे कलम घालून संपांवर बंधने आणली गेली. म्हणजे फिटर किंवा टर्नर असणे ही ज्या काळात सर्वांत मोठी मागणी असलेली गोष्ट होती, त्याच काळात त्याला आपली किंमत मागण्याचा मार्ग बंद करण्यात आला. जपान युद्धात उतरल्यावर मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीने हजारो कुटुंबे गावी निघाली. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडलेही. कोकणातल्या माणसाने बायकामुलांना आगबोटीवर बसवून दिले आणि स्वतः भोंग्याला हजर राहिला. यात कर्तव्यबुद्धी होती हे मी नाकारत नाही, पण त्याला निघून जाण्याची मोकळीकही नव्हती, हेही लिहून ठेवले पाहिजे.

महागाईचे तेच. जीआयपी रेल्वे १९२५ पासून सरकारच्या ताब्यात होती, त्यामुळे मालक म्हणजे सरकारच. युद्ध सुरू होताच भाव चढले, कामगारांनी महागाई भत्ता मागितला, आणि त्या मागणीच्या चौकशीसाठी १९४० मध्ये बी. एन. राव यांचे चौकशी न्यायालय नेमावे लागले. रेल्वेने पुढे कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकाने उघडली आणि मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले, त्यामुळे शहरात राहणाऱ्याला काहीतरी मिळत होते. गावाचे काय? रत्नागिरी जिल्ह्याला स्वतःचा भात वर्षभर कधीच पुरला नाही. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद झाला. मनिऑर्डर वेळेवर येत होती आणि तिच्या पैशांना बाजारात तांदूळ मिळत नव्हता, ही त्या वर्षांतली आपल्या घरांची अवस्था होती. शेतावर राबून आणि उपास काढून घर चालवणाऱ्या बाईचा या गोळ्यांच्या उत्पादनात वाटा नव्हता असे मला वाटत नाही. ती गावी तग धरून होती म्हणून तो तिकडे पाळ्या करू शकत होता.

शेवटी हाही मुद्दा आहे की हे युद्ध पुकारताना हिंदुस्थानातल्या कोणालाही विचारलेले नव्हते. दिवसा साम्राज्यासाठी कवच कातून संध्याकाळी चाळीत ‘छोडो भारत’च्या बातम्या ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार न करता त्याला सरसकट युद्धवीर म्हणणे मला पटत नाही.

खाडीकाठ

सडा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखनाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि वटहुकमांची माहिती इथे आली याचे समाधान वाटते. मीही त्यांना वीर म्हणावे असे सुचवत नाही. सैनिकाच्या पाटीची नक्कल करून कामगाराची पाटी लावली तर त्याचे काम पुन्हा झाकलेच जाईल. माझा आग्रह एवढाच आहे की त्यांनी काय केले ते अचूक सांगितले जावे.

दुसऱ्या युद्धात रेल्वे कारखान्यांच्या कामाचा पल्ला बराच वाढला होता. गोळ्यांची कवचे होतीच, पण चिलखती गाड्याही तयार झाल्या. कॅनडाहून फोर्डच्या सांगाड्यांचे भाग येत, चिलखताचे पत्रे टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून येत आणि गाडी उभी राहत असे ती रेल्वेच्या कारखान्यांत. अशा साडेचार हजारांहून अधिक गाड्या निघाल्या. ईस्ट इंडियन रेल्वेची जी सिंगभूमची कार्यशाळा या युद्धकामात गुंतलेली होती, ती युद्धाच्या अखेरीस टाटांनी घेतली, आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोचा (आजच्या टाटा मोटर्सचा) पाया तिथे घातला गेला.

इतर देशांतही हेच घडत होते. कॅनडात माँट्रियलच्या अँगस कार्यशाळेने, जिथे एरवी इंजिने आणि डबे बनत, १,४२० व्हॅलेंटाइन रणगाडे बांधले आणि त्यांतले बहुतेक सोव्हिएत रशियाला गेले. ऑस्ट्रेलियात चुलोरा, न्यूपोर्ट आणि इझलिंग्टन या रेल्वे कार्यशाळांनी ब्यूफोर्ट विमानांचे मोठे भाग केले. ब्रिटनमधले उदाहरण मात्र सावध करणारे आहे. तिथल्या एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) रेल्वेने कोव्हेनंटर नावाच्या रणगाड्याचा आराखडा केला, चाचणीचा नमुना तयार होण्याआधीच त्याची मागणी नोंदवली गेली, १,७०० हून अधिक रणगाडे बांधून झाले, आणि इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था इतकी सदोष निघाली की ते प्रशिक्षणापुरतेच राहिले. कारागिरांच्या हातात दोष नव्हता. कागदावरच्या वस्तूची घाईने मागणी नोंदवणाऱ्यांनी हजारो माणसांचे श्रम वाया घालवले.

आपल्याकडे घाईची किंमत निराळ्या प्रकारे मोजली गेली, आणि ती मोजली प्रवाशांनी. जो लेथ गोळा काततो तो त्या वेळी इंजिनाचा आस कातत नाही. पहिल्या युद्धात रूळ, इंजिने आणि डबे मेसोपोटेमिया व पूर्व आफ्रिकेकडे गेले, कारखाने युद्धकामात गुंतले, विलायतेहून सुटे भाग येणे थांबले. १९२१ मध्ये हिंदुस्थानातल्या रेल्वेची चौकशी करणाऱ्या ॲकवर्थ समितीने अहवाल दिला तेव्हा बदलण्याची वेळ कधीच टळून गेलेली शेकडो इंजिने, हजारो वाघिणी आणि भार न पेलणारे पूल तिला दिसले. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच झाले; काही शाखामार्ग उखडून त्यांचे रूळ बाहेर पाठवले गेले आणि लोकांनी प्रवास टाळावा म्हणून रेल्वेलाच जाहिराती कराव्या लागल्या. कारखान्यातल्या जुन्या मिस्त्रीला हे सगळे दिसत असणार. ज्या इंजिनांवर त्याने उमेदीची वर्षे घालवली ती झिजताना पाहायची आणि हातात मात्र गोळा घ्यायचा, ही खंत त्याने कोणाजवळ बोलून दाखवली असेल तर ती ऐकायला मला फार आवडेल.

माजघर

आज नातवाकडून भिंगाने आकडे वाचून घेतले. पुढच्या खाचेजवळ ३.२९ पासून सुरू होणारा चार दशांशस्थळांचा आकडा आहे. शेवटचे दोन अंक गंजाने खाल्ले आहेत. बाजूला एक अस्पष्ट शिक्काही आहे, तो वाचता येत नाही. आजेसासरे वारले तेव्हा साठीच्या पुढे होते आणि ते साल १९५० च्या आसपासचे, असे घरात सांगतात. म्हणजे पहिल्या युद्धात ते विशी-तिशीतले असणार. पुढे काय शोधावे ते कृपया सांगा.

निवृत्त टर्नर

ताई, आकडा आणि वय दोन्ही जुळतात, त्यामुळे १८ पौंडी गोळ्याची शक्यता बळकट झाली. खाचेत ३.२९ इंचांचे माप आणि तेही चार दशांशांपर्यंत, हे इंजिनाच्या एखाद्या पिनेसाठीही असू शकते, तेव्हा शिक्का वाचला जाईपर्यंत ‘बहुधा’ हा शब्द सोडू नका. शिक्क्यावर उजेड एका बाजूने तिरपा पाडा आणि मोबाइलने वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. सरळ उजेडात न दिसणारी अक्षरे त्यात उठतात. वर पातळ कागद ठेवून पेन्सिलने हलके घासूनही पाहा.

ट्रंकेतले कागद नीट उलगडा. नोकरीचा दाखला, भविष्यनिर्वाह निधीचे हिशेब, पासाची प्रत, घरभाड्याची पावती, काहीही चालेल. त्यांवर तिकीट नंबर (कामगाराचा हजेरी क्रमांक) असेल आणि शॉपचे नाव असेल. मशीन शॉप, स्मिथी, व्हील शॉप यांपैकी कोणते ते कळले की ते कोणत्या क्रियेवर होते याचा बराच अंदाज बांधता येईल. पितळी बिल्ला असेल तर त्यावरचा क्रमांक आणि रेल्वेची आद्याक्षरे लिहून घ्या. आणि गावातल्या गणपतीच्या किंवा देवळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या कोणाकडे असतील तर त्याही मागून पाहा. मुंबईच्या खोलीतून वर्गणी पाठवणाऱ्यांच्या नावांपुढे कित्येकदा कारखान्याचे नाव लिहिलेले असते, आणि तसे असेल तर एका गावातून एकाच वेळी किती माणसे परळला कामावर होती हे त्या वहीतून निघू शकेल.

खाडीकाठ

वर्गणीच्या वह्यांची सूचना फार मोलाची आहे. ती माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या गावच्या मुंबई मंडळाकडे अशा वह्या आहेत. त्यांतली १९१४ ते १९१९ आणि १९३९ ते १९४५ या वर्षांची पाने पाहून ज्यांच्या नावापुढे रेल्वे कारखान्याचा उल्लेख आहे त्यांची यादी मी तयार करतो आणि त्यांच्या घरच्यांची संमती घेऊनच इथे देतो. इतर गावांतल्या सदस्यांनीही आपापल्या मंडळात विचारावे, आणि यादी करताना नाव, वाडी, वर्ष आणि शॉप हे चार रकाने तरी ठेवावेत, म्हणजे पुढे सगळ्या याद्या एकमेकींशी ताडून पाहता येतील.